फ्रान्समधली नोकरी: ऑफिसातले वाद, साहेब, संप आणि कायदा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ल्योंमध्ये अवजड यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिझाइन विभागात बरीच वर्षं काम करते आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून इथे नोकरीला येणारी मुलंमुली आणि हिंजवडीत बसून फ्रेंच टीमबरोबर काम करणारे मित्र मला साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. पगार, घर, व्हिसा यांची माहिती कुठेही मिळते. आपली माणसं अडखळतात ती समोरच्याने तोंडावर "मला हे पटत नाही" म्हटल्यावर. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. कायद्याच्या गोष्टी मुख्यतः खासगी कंपनीतल्या कायमस्वरूपी नोकरीला धरून आहेत. या नोकरीच्या कराराला इथे 'सेदेई' म्हणतात.

फ्रेंच लोक मीटिंगमध्ये सारखे भांडतात, हे खरं आहे का?

आवाज चढतात, एकमेकांची वाक्यं मध्येच तोडली जातात आणि आपल्याकडे ज्या गोष्टी केबिनचं दार लावून बोलल्या जातात त्या इथे दहा जणांसमोर बोलल्या जातात. तेवढं खरं आहे.

आमच्या विभागातली एक बैठक सांगते. व्यवस्थापकाने एका पंपाच्या नव्या आराखड्याचं वेळापत्रक पडद्यावर दाखवलं. तिसऱ्याच ओळीला एक ज्येष्ठ तंत्रज्ञ खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही, मला हे अजिबात पटत नाही." त्याने मार्कर घेतला, फळ्यावर गळती थांबवणाऱ्या रबरी सीलचा छेद काढला आणि त्या रबराची चाचणी आधी घेतली नाही तर पुढचे सहा आठवडे वाया जातील हे मांडायला लागला. व्यवस्थापकाने त्याचा प्रत्येक मुद्दा खोडायचा प्रयत्न केला. तंत्रज्ञाने "हा युक्तिवादच चुकीचा आहे" असं दोनदा सांगितलं. व्यवस्थापकाचा चेहरा लाल झाला होता. बाकीचेही कुणी याच्या, कुणी त्याच्या बाजूने मध्ये पडत होते. पाऊण तास हे चाललं. शेवटी चाचणी दोन आठवडे अलीकडे घेतली गेली, बाकी वेळापत्रक तसंच राहिलं. सव्वाबारा वाजता तेच दोघं कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन एकामागे एक उभे होते आणि व्यवस्थापक त्या तंत्रज्ञाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होता.

दोघांपैकी कुणीही मनात अढी ठेवून वागत नव्हता. वाद सीलबद्दल होता आणि तो मिटला होता. "वादे वादे जायते तत्त्वबोधः" हे वचन आपण भाषणात ऐकतो, इथे लोक कामात तसं वागतात. तुमच्या मुद्द्याला कुणी कडाडून विरोध करत असेल तर त्याने तुमचं म्हणणं नीट ऐकलंय आणि त्यावर वेळ घालवणं त्याला योग्य वाटतंय, असं समजा. काळजी करायची ती तुमच्या मांडणीनंतर कुणीच काही बोललं नाही तर.

वाद घालायची ही सवय येते कुठून?

माझ्या मते सगळ्यात जास्त शाळेतून. शालेय शिक्षणाच्या शेवटी 'बाकालोरेआ' ही परीक्षा असते, जिला सगळे 'बाक' म्हणतात. 1808 साली, नेपोलियनच्या काळात ती सुरू झाली. सर्वसाधारण आणि तांत्रिक शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिच्यात तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर द्यावा लागतो. पुढे इंजिनियर होणारा मुलगा असो की बँकेत जाणारी मुलगी, एका प्रश्नावर आधी एक बाजू, मग तिच्या विरुद्धची बाजू आणि मग दोन्हींना ओलांडणारा विचार अशी मांडणी प्रत्येकाने केलेली असते. पहिली बाजू मांडली की दुसरी मांडणं हे तिथे कर्तव्य असतं, उद्धटपणा नसतो. हीच सवय मोठेपणी बैठकीत दिसते. एकाने प्रस्ताव ठेवला की दुसरा आपोआप त्याची उलट बाजू घेऊन उभा राहतो, कधी कधी तर मनातून तो प्रस्ताव पटलेला असतानाही.

दुसरं कारण गुणांचं. इथे गुण वीसपैकी देतात. दहाला पास, बाराला बरा शेरा, चौदाला चांगला आणि सोळाला उत्तम. वीसपैकी वीस निबंधाच्या पेपरात सहसा कुणी देत नाही. आपल्याकडे पंच्याण्णव टक्क्यांवर मूल नाराज होतं, इथे वीसपैकी चौदावर घरात आनंद असतो. कामातही "यात काय सुधारता येईल" हेच आधी दिसतं, कारण पूर्ण निर्दोष असं काही असतं यावर शाळेपासूनच कुणाचा विश्वास बसलेला नसतो.

म्हणजे साहेबालाही तोंडावर विरोध करता येतो?

करता येतो, पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवखा माणूस इथेच गोंधळतो. वादात सगळे सारखे असतात, निर्णयात मात्र अजिबात नसतात. फ्रेंच कंपन्यांमध्ये उतरंड पक्की आहे. 'काद्र' म्हणजे अधिकारी वर्ग आणि बाकीचे कर्मचारी, हा फरक करारात, प्रोबेशनच्या मुदतीत, सगळीकडे दिसतो. वरच्या जागांवर 'ग्रां एकोल' म्हणवल्या जाणाऱ्या निवडक संस्थांतून आलेली माणसं खूप भेटतात. एकोल पॉलितेक्निक ही त्यातली एक, 1794 साली स्थापन झालेली. तिथून पास होऊन तीस वर्षं झाली तरी लोक ओळख करून देताना तिचं नाव घेतात.

त्यामुळे बैठकीत तुम्ही साहेबाचा मुद्दा खोडू शकता, आकडे मागू शकता, "मला वाटतं आपण चुकतोय" असं म्हणू शकता. पण त्याने निर्णय दिल्यावर तोच मुद्दा दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलात किंवा त्याला वगळून त्याच्या वरच्याला ईमेल पाठवलीत, तर ते मनाला लागतं. वरच्याला परस्पर गाठणं हा इथे मोठा अपमान मानतात. आपल्याकडे "वरून सांगून घेऊ" हा पुष्कळदा सोपा मार्ग असतो. इथे तो वापरू नका.

आणखी एक. विरोध करायचा तो कारणासकट. नुसतं "मला बरोबर वाटत नाही" कुणी ऐकून घेणार नाही. "मागच्या प्रकल्पात याच टप्प्याला किती वेळ लागला ते बघा" असं म्हटलंत तर सगळे कागद उघडतात.

मी "हो" म्हटलं तरी सहकारी चिडला. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं मूळ आपल्या भिडस्तपणात आहे. समोरच्याला नाराज करायचं नाही म्हणून आपण "हो, करतो", "बघतो", "होऊन जाईल" म्हणतो. आपल्यातल्या आपल्यात त्या तिन्हींचा खरा अर्थ स्वरावरून कळतो. फ्रेंच माणसाला तो स्वर कळत नाही. त्याने तुमचं "हो" वहीत तारखेसकट लिहून घेतलेलं असतं.

शुक्रवारी काम झालं नाही की त्याचा राग उशिरावर कमी आणि तुम्ही बुधवारीच का बोलला नाहीत यावर जास्त असतो. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. "शुक्रवारी होणार नाही, कारण मोजमापं अजून आलेली नाहीत, मंगळवारी देते" असं पहिल्याच दिवशी सांगितलं की समोरचा दहा मिनिटं कुरकुर करतो, थोडी घासाघीस होते आणि मंगळवार ठरतो. ती दहा मिनिटं सहन करायला शिकलात की इथली निम्मी नोकरी सोपी होते. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय.

आणि त्यांनी "नाही" म्हटलं तर विषय संपला का?

बहुतेक वेळा तिथे विषय सुरू होतो. "से पा पोसिब्ल", म्हणजे हे शक्य नाही, हे वाक्य तुम्ही ऑफिसात, बँकेत, प्रेफेक्त्यूरच्या (निवासपत्रं देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) खिडकीवर, सगळीकडे ऐकाल. शांतपणे "मग काय शक्य आहे?" असं विचारा आणि थांबा. अडचण समजावून सांगा, समोरच्याकडून त्याच्या अडचणी ऐकून घ्या. पुष्कळदा तोच माणूस पाच मिनिटांनी मार्ग सुचवतो. आवाज चढवून मात्र काही मिळत नाही.

माझ्या कामावर टीकाच होते, कौतुक कधीच नाही. मी नापास होतोय का?

नाही. "पा माल", म्हणजे वाईट नाही, असं कुणी म्हणालं तर ते चांगलं प्रशस्तिपत्र आहे, ते घरी फोन करून सांगा. वार्षिक मूल्यमापनाच्या मुलाखतीत साहेब दोन वाक्यांत चांगलं बोलेल आणि वीस मिनिटं त्रुटींवर. त्या त्रुटी गप्प बसून लिहून घेऊ नका. जी टीका पटते ती मान्य करा, जी पटत नाही ती तिथेच खोडा आणि अहवालात तुमचं म्हणणं लिहून घ्यायला सांगा. मूल्यमापनाच्या कागदावर बहुधा कर्मचाऱ्याच्या अभिप्रायाची जागा असते. आपली माणसं ती कोरी सोडतात. पुढे पगारवाढीच्या वेळी किंवा वाद वाढला तर तोच कागद काढला जातो.

बोंजूर म्हणणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे?

हो. बोंजूर म्हणजे इथला नमस्कार, सकाळी आल्यावर प्रत्येकाला एकदा. न म्हणता थेट कामाचं विचारलंत तर पुढचं बोलणं थंडपणे होतं, दुकानातही आणि साहेबाच्या केबिनमध्येही. दिवसातून त्याच माणसाला दुसऱ्यांदा म्हणायची गरज नाही.

वाद झाल्यावर समेट कुठे होतो?

कॉफीच्या मशीनपाशी आणि जेवणाच्या टेबलावर. बारा ते दोनच्या मध्ये इथे कुणालाही फोन लागत नाही. कामाच्या जागेवर कर्मचाऱ्यांना जेवू देऊ नये असा नियम कामगार कायद्यातच आहे (लहान कंपन्यांना काही सवलती आहेत). कोविडच्या काळात तो शिथिल करावा लागला तेव्हा त्याची बातमी झाली. कॅन्टीन नसेल तर बऱ्याच कंपन्या 'तिके रेस्तोराँ' देतात, म्हणजे जेवणाची कुपनं, ज्यांचा निम्मा किंवा थोडा जास्त खर्च कंपनी उचलते.

शाकाहारी माणसांना सुरुवातीला कंटाळा येतो आणि ती डबा घेऊन संगणकापुढे बसतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. डबा न्या, पण सगळ्यांबरोबर बसा. पोळी-भाजीबद्दल कुणी काही बोलणार नाही, उलट चव घेऊन बघतील. सकाळी तुमच्या प्रस्तावाची चिरफाड करणारा माणूस जेवताना तुम्हाला सुट्टीत कुठे जाताय विचारतो. तुम्ही तिथे नसाल तर तुमच्या मनात सकाळची चिरफाडच उरते. जेवताना राजकारण, सिनेमा, चीज, पेन्शन, सगळ्यावर वाद होतात. स्वतःच्या पगाराचा विषय मात्र कुणी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

सहा वाजता निघालं तर चालतं? 35 तासांचा आठवडा खरा आहे?

35 तासांची मर्यादा 1998 आणि 2000 च्या ओब्री कायद्यांनी आली. तेव्हाच्या कामगारमंत्री मार्तीन ओब्री यांच्यावरून ते नाव पडलं. पण आपल्याकडून येणारे इंजिनियर बहुतेक 'काद्र' असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांचे करार तासांवर नसून दिवसांवर असतात: वर्षाला जास्तीत जास्त 218 दिवस. तेव्हा तास मोजले जात नाहीत, पण दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे. 35 पेक्षा जास्त तास किंवा 218 दिवस यांच्या हिशोबात वर्षातून काही जादा सुट्ट्या निघतात, त्यांना सगळे 'एरतेते' म्हणतात.

पॅरिसला लागून असलेल्या ला देफाँस या कंपन्यांच्या भागातले अधिकारी रात्री आठपर्यंत बसलेले मी पाहिलेत, त्यामुळे पाचला सगळे घरी जातात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फक्त एक फरक आहे: उशिरा बसणं ही इथे शाबासकीची गोष्ट नाही. 2017 च्या 1 जानेवारीपासून कामाच्या वेळेबाहेर ईमेल-फोनपासून दूर राहण्याचा हक्कही कायद्यात आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला त्याबद्दल कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. रविवारी आलेल्या ईमेलला सोमवारी उत्तर दिलंत म्हणून कुणी रागावणार नाही.

संप! संपाबद्दल सगळं सांगा. मी संपावर गेले तर व्हिसा जाईल का?

नाही जाणार. पण आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्या पिढीच्या मनात संप म्हटलं की 1982 चा गिरणी संप येतो, उद्ध्वस्त झालेली लालबाग-परळची घरं येतात. संप म्हणजे सर्वनाश, ही भावना घेऊन आपण येतो. फ्रान्सची आठवण वेगळी आहे. मी राहते त्या ल्योंमध्ये 1831 साली क्रुआ-रूस टेकडीवरच्या रेशीम विणकरांनी विणकामाच्या किमान दरासाठी उठाव केला होता. तो चिरडला गेला, तरी शहराला तो अजून आठवतो. 1864 साली संप हा गुन्हा राहिला नाही, 1884 साली कामगार संघटना कायदेशीर झाल्या. जून 1936 मध्ये देशभर कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केला आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि 40 तासांचा आठवडा मिळवला. ती रजा वाढत वाढत 1982 मध्ये पाच आठवड्यांची झाली. तुमच्या ऑगस्टच्या सुट्टीच्या मागे हा सगळा इतिहास आहे आणि इथल्या शाळकरी मुलालाही तो ठाऊक असतो. म्हणून मेट्रो बंद पडली तर लोक वैतागतात, पण संप करणाऱ्याला देशद्रोही म्हणत नाहीत.

आता कायदा. संपाचा हक्क 1946 च्या राज्यघटनेच्या सरनाम्यात आहे आणि तो आजही लागू आहे. नागरिकत्वाची अट नाही, परदेशी कर्मचाऱ्यालाही तो आहे. खासगी कंपनीत पूर्वसूचना द्यावी लागत नाही. मागण्या कामासंबंधी हव्यात आणि त्या मालकाला कळलेल्या हव्यात. एकट्याने संप करता येत नाही, पण देशपातळीवर हाक दिलेली असेल तर कंपनीतून एकटाही जाऊ शकतो. सरकारी आणि सार्वजनिक सेवांत पाच दिवस आधी नोटीस लागते. रेल्वे आणि शहर वाहतुकीत तर 2007 च्या कायद्यानुसार ठरावीक कर्मचाऱ्यांना 48 तास आधी आपण संपावर जाणार असल्याचं कळवावं लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळी कोणत्या गाड्या धावणार ते आपल्याला समजतं.

जेवढा वेळ संप, तेवढा पगार कापतात. पण कापलेल्या पगारामागे संप हे कारण आहे असं पगारपत्रकावर लिहायला मनाई आहे. संपात सामील झाला म्हणून कुणाला काढलं तर ते काढणं रद्दबातल ठरतं, त्याने फार गंभीर गैरवर्तन केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. संपकऱ्यांच्या जागी तात्पुरती माणसं भरायलाही बंदी आहे.

2023 साली पेन्शनचं वय 62 वरून 64 करण्याच्या कायद्याविरुद्ध आठही मोठ्या कामगार संघटना एकत्र आल्या आणि जानेवारीपासून मोर्चे निघाले. 16 मार्चला सरकारने घटनेचं कलम 49.3 वापरून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मतदान न घेता तो कायदा पुढे नेला, तेव्हा ऑफिसातली शांत माणसंसुद्धा संतापली होती. त्या दिवसांत आमच्याकडच्या एका सहकारिणीने संध्याकाळी साहेबाच्या दारात उभं राहून सांगितलं, "उद्या मी संपावर आहे." तो म्हणाला, "ठीक आहे, मग आढावा सोमवारी घेऊ." त्याचं स्वतःचं मत कायद्याच्या बाजूचं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला विरोध इतका उघड आणि इतक्या सभ्यतेने चालू शकतो हे पाहून मला या देशाबद्दल फार आदर वाटला.

तुम्ही सामील व्हावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रोबेशनवर असाल तर हक्क असला तरी सबुरीने घ्या, असं मी म्हणेन.

युनियनचे सभासद व्हावं का? सीएसई म्हणजे काय?

फ्रान्समध्ये साधारण दहापैकी एकच कर्मचारी संघटनेचा सभासद असतो, पण दहापैकी नऊहून जास्त जणांना कुठला ना कुठला सामूहिक करार लागू असतो. म्हणजे सभासद नसलात तरी संघटनांनी मिळवलेल्या अटी तुम्हाला मिळतात. तुमच्या पगारपत्रकावर त्या कराराचं नाव छापलेलं असतं. तो एकदा तरी वाचा.

सीएसई ही निवडून आलेल्या कर्मचारी प्रतिनिधींची समिती. 11 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ती लागते. कंपनीतल्या मोठ्या बदलांवर, विशेषतः 50 च्या वर कर्मचारी असतील तिथे, व्यवस्थापनाला तिचं मत घ्यावं लागतं. आपल्या मुलांना ती फक्त सिनेमाची स्वस्त तिकिटं आणि नाताळच्या भेटी देणारी समिती म्हणून माहीत असते. अडचण आल्यावर सगळ्यात आधी जायचं ठिकाण तेच आहे. निवडणूक असेल तेव्हा मत द्या. परदेशी नागरिकांनाही तिथे मत असतं.

वाद खरोखर विकोपाला गेला तर? मला तडकाफडकी काढतील का?

प्रोबेशन संपेपर्यंत जपा. काद्रसाठी ते चार महिन्यांचं असतं, करारात आणि त्या क्षेत्राच्या सामूहिक करारात सोय असेल तर एकदा वाढवून जास्तीत जास्त आठ. त्या काळात कारण न देता दोन्हीकडून करार संपवता येतो.

त्यानंतर मात्र काढायला खरं आणि गंभीर कारण लागतं आणि रीतसर पायऱ्या लागतात. आधी मुलाखतीचं पत्र येतं. ते मिळाल्यावर किमान पाच कामाचे दिवस जावे लागतात, मगच मुलाखत घेता येते. मुलाखतीला तुम्ही कंपनीतलं एक माणूस बरोबर नेऊ शकता, आणि कंपनीत कर्मचारी प्रतिनिधीच नसतील तर बाहेरचा नेमलेला सल्लागारही. निर्णयाचं पत्र मुलाखतीनंतर दोन कामाचे दिवस उलटल्याशिवाय पाठवता येत नाही. असं पत्र आलं की एकट्याने जाऊ नका. बरोबरचा माणूस काही बोलला नाही, नुसती टिपणं घेतली तरी बोलण्याचा सूर बदलतो.

न्याय मागायची जागा म्हणजे 'कोंसेय द प्रुदोम', कामगार न्यायालय. त्यातलं पहिलं 1806 साली आमच्या ल्योंमध्ये, रेशीम धंद्यातले तंटे सोडवायला उभं राहिलं. न्यायाधीश निम्मे मालकांच्या बाजूचे, निम्मे कामगारांच्या बाजूचे. आधी समेटाचा प्रयत्न होतो. वकील सक्तीचा नाही. काढल्याविरुद्ध दाद मागायला 12 महिने असतात. 2017 पासून भरपाईला नोकरीच्या वर्षांच्या हिशोबाने मर्यादा घातल्या आहेत, त्यामुळे चार पैसे मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटला चालवायचा की नाही याचा हिशोब आधी करा.

बरीच प्रकरणं तिथपर्यंत जातच नाहीत. 2008 पासून परस्पर संमतीने करार संपवायचा मार्ग आहे, 'रुप्त्यूर कोंव्हान्स्योनेल'. त्यात भरपाई मिळते आणि सही केल्यावर 15 दिवसांत मन बदलता येतं. पण सही करण्यापूर्वी तुमचं निवासपत्र त्याच नोकरीशी बांधलेलं आहे का, हे तपासा. मालकाच्या आग्रहाला बळी पडून त्याच बैठकीत सही करू नका.

आणि पहिल्या दिवसापासून महत्त्वाचं सगळं लिहून ठेवा. तोंडी झालेलं बोलणं संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने पक्कं करा. भारतात कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. इथे ते कुणी मनाला लावून घेत नाही.

रोखठोक बोलणं कुठे संपतं आणि छळ कुठे सुरू होतो?

कामावर टीका, ती कितीही कडक असो, छळ नाही. पण तुमच्या उच्चारांची रोज टिंगल होत असेल, तुम्हाला मुद्दाम बैठकांतून वगळत असतील, काम काढून घेऊन रिकामं बसवत असतील, "तुमच्या देशात चालत असेल" असं वारंवार ऐकवत असतील, तर "फ्रेंच लोक असेच असतात" म्हणून ते पोटात घालू नका. फ्रेंच लोक असे नसतात. 17 जानेवारी 2002 च्या कायद्याने मानसिक छळ हा गुन्हा ठरवला आहे आणि त्याला आज दोन वर्षांपर्यंत कैद आणि 30,000 युरोपर्यंत दंड आहे.

फ्रान्स टेलिकॉमचं प्रकरण इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. 2000 नंतरच्या दशकात हजारो लोकांनी कंपनी सोडावी म्हणून वातावरणच असह्य केलं गेलं आणि कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. 2019 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोषी धरलं आणि 21 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने 'संस्थात्मक छळ' ही कल्पना मान्य केली: कंपनीचं धोरणच माणसांना खचवणारं असेल तर ते आखणारे जबाबदार.

अशा वेळी सीएसईकडे जा, कंपनीशी जोडलेल्या कामगार-आरोग्य डॉक्टरकडे जा, 'अँस्पेक्स्यों द्यु त्रावाय' म्हणजे कामगार निरीक्षकाला लिहा. वंश, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेदभाव असेल तर 2011 पासून काम करणारी 'देफांसर दे द्र्वा' ही स्वतंत्र संस्था विनामूल्य तक्रार घेते. कामगार-आरोग्य डॉक्टरला तुमची प्रकृती मालकाला सांगता येत नाही, म्हणून मन मोकळं करायला घाबरू नका.

भाषा किती लागते? इंग्रजीवर भागेल का?

काम भागेल, वाद भागणार नाही. बैठक इंग्रजीत सुरू होते आणि मुद्दा तापला की दोन मिनिटांत फ्रेंचमध्ये जाते. तेव्हा तुम्ही तिथे असून नसल्यासारखे होता. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेजमध्ये जे शिकलात त्यावर थांबू नका. व्याकरण चुकलं तरी चालतं, पण "मी सहमत नाही, कारण…", "दुसऱ्या बाजूने पाहिलं तर…", "मला माझं वाक्य पूर्ण करू द्या" ही वाक्यं तोंडात बसलेली हवीत. शेवटचं सगळ्यात आधी शिका.

एक उपयोगी गोष्ट: नोकरीचा करार फ्रेंचमध्ये असतो, पण कर्मचारी परदेशी असेल तर तो स्वतःच्या भाषेत भाषांतर मागू शकतो, आणि दोन्ही मजकुरांत तफावत निघाली तर मालकाला तुमच्याविरुद्ध फक्त तुमच्या भाषेतल्या मजकुराचा आधार घेता येतो. म्हणजे मराठीत करार मागायचा हक्क तुम्हाला आहे.

मी पुण्यातूनच फ्रेंच टीमबरोबर काम करतो. मला यातलं काय लागू पडतं?

"हो" आणि "नाही" बद्दलचं सगळं. काम आलं की आधी "हे का हवंय" विचारा. फ्रेंच सहकाऱ्याला तो प्रश्न आवडतो, त्यावर तो अर्धा तास बोलेल आणि त्यातून तुमचे पुढचे तीन दिवस वाचतील. त्यांच्या आराखड्यात चूक दिसली तर ती लेखी, मुद्देसूद दाखवा. तुम्ही ठेकेदाराची माणसं आहात म्हणून गप्प बसलात तर ते तुम्हाला नुसते हात समजतील आणि डोक्याचं काम देणार नाहीत.

वेळेचं गणित भिंतीवर लावून ठेवा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. त्यांची जेवणाची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेतीन ते साडेपाच, तेव्हा बैठक लावू नका. मे महिन्यात 1 तारीख, 8 तारीख आणि बहुधा असेन्शनचा (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार अशा सुट्ट्या येतात आणि लोक मधला दिवस जोडून चार दिवस गायब होतात. ऑगस्टमध्ये निर्णय देणारं माणूस सापडणार नाही, म्हणून ज्याला सही लागते ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवा. आणि कॉलवर ते आपापसात जोरजोरात बोलायला लागले की माइक बंद करून वाट पाहत बसू नका. तुमचा आकडा, तुमची चाचणी, तुमचं मत तेव्हाच मध्ये घाला.